लळिंगचा किल्ला आणि भाऊबंदकी



धुळ्याहून मालेगावकडे निघालं की सुमारे दहा किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्याला लागूनच लळिंगचा डोंगर उभा आहे. माथ्यावर ढासळलेली तटबंदी, कातळात खोदलेली पाण्याची टाकी, बाकी सगळं गवत. पायथ्यावरून आपली रोजची ये-जा. मान वर करून बघणारे थोडे. आमचं म्हणणं असं, की ऊसवाल्या सभासदानं तरी बघावं. या पडक्या किल्ल्याची हकिगत सहकारी संस्थेला फार लागू पडते.

इ. स. १३७० मध्ये दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकानं थाळनेर आणि करवंदचा मुलूख मलिक राजाला दिला. त्यातून खानदेशात फारुकी घराण्याचं राज्य उभं राहिलं. १३९९ मध्ये मलिक राजा वारला. त्यानं वाटणी चोख केली होती: थोरल्या नासिरला लळिंग, धाकट्या इफ्तिकारला तापीकाठचं थाळनेर. थोरल्यानं पुढे असिरगड घेतला, बऱ्हाणपूर वसवलं. एवढं मिळालं, तरी धाकट्याचं थाळनेर डोळ्यांत सलतच राहिलं. १४१७ मध्ये त्यानं माळव्याच्या सुलतानाची मदत घेतली, थाळनेर जिंकलं नि सख्ख्या भावाला कैदेत टाकलं.

पण घरच्या भांडणात बाहेरची फौज आली, की ती एकटी येत नाही. पाठोपाठ गुजरातचा अहमदशहा उतरला आणि नासिरला त्याच्यापुढं मान तुकवावी लागली. पुढे १४३७ मध्ये बहमनी फौजेनं बऱ्हाणपूर लुटलं. नासिर लळिंगच्या आसऱ्याला आला, तिथंही हरला आणि त्याच वर्षी वारला. घराणं टिकलं, पण मोठ्या शेजाऱ्यांची मर्जी सांभाळत. १६०१ मध्ये अकबरानं असिरगड घेतला आणि तेही संपलं.

आता लळिंगवरून खाली पांझरेच्या खोऱ्यात या. इथल्या शेतकऱ्यांनी शतकानुशतकं फड चालवले. नदीवर बंधारा, त्यातून पाट, शिवाराचे फड पाडलेले. एका फडात सगळ्यांचं पीक एकच, दरसाल पिकाची अदलाबदल, आणि पाण्याची पाळी पाटकऱ्याच्या हाती. तिथंही भाऊबंदच होते, कुणी देवमाणसं नव्हती. पण पाण्याचा निवाडा गावानं गावातच केला. धरणं आणि विहिरी वाढल्यावर बरेच फड मागे पडले. तरी राजाच्या तटबंदीपेक्षा कुणब्यांचा हा करार जास्त टिकला, हे विसरता येत नाही.

खानदेशात काही सहकारी कारखाने बंद पडले, काही खासगी हातांत गेले. दुष्काळ, कर्ज, उसाची टंचाई अशी कारणं त्यामागं आहेतच. पण घर फुटलेलं असलं, की संकटाला दार आयतं उघडं सापडतं.

म्हणून गप्प बसा, असं आम्ही मुळीच म्हणत नाही. हिशेब मागा, काटा तपासा, दरावर भांडा. मतभेद नसलेली संस्था मेलेली समजावी. फक्त ते भांडण वार्षिक सभेत होऊ द्या, तोंडावर होऊ द्या. निवडणुकीतल्या हारजितीपायी आपला ऊस दुसऱ्याच्या गव्हाणीत घालू नका, आणि आपल्याच भावाला पाडण्यासाठी बाहेरच्याला बोलावू नका. नासिरनं थाळनेर मिळवलं. त्यापायी काय गमावलं, ते लळिंगच्या माथ्यावर उघडं पडलं आहे.