घरमालकाच्या दारांतील सरहद्द

परदेशीं नवख्या आलेल्या माणसाची पहिली गरज निवाऱ्याची. नेमका तेथेंच इंग्लंडनें सरहद्दीचा पहारा बसविला आहे. २०१४ च्या इमिग्रेशन कायद्यानें भाडेकरूच्या वास्तव्याच्या हक्काची तपासणी घरमालकावर सोपविली. १ फेब्रुवारी २०१६ पासून ती साऱ्या इंग्लंडभर लागू झाली. तपासणी न करतां हक्क नसलेल्यास जागा दिल्यास, २०२४ पासून पहिल्याच खेपेस दर माणसामागें १०,००० पौंडांपर्यंत दंड!

घरमालक हा कांहीं न्यायाधीश नव्हे. ब्रिटिश पासपोर्ट दाखविणारा एक आणि मुदतीचा परवाना पुढें करणारा आमचा पुण्याचा विद्यार्थी दुसरा, असे दोघे दारीं आले, तर भिणारा मालक कोणास निवडील हें सांगण्यास ज्योतिषी नको. ‘जागा गेली’ एवढे दोन शब्द पुरतात. पुरावा मागें उरत नाहीं.

कोणी म्हणेल, वंशभेदाविरुद्ध कायदा आहेच. होय, घरांच्या बाबतींत तो १९६८ पासून आहे. परंतु ज्या भेदभावास एक कायदा मना करतो, त्याचीच भीड दुसरा कायदा दंडाच्या धाकानें घालतो, त्याचें काय? या तपासणीमुळें कांहीं घरमालक भेदभाव करतात, हें २०२० सालीं अपील न्यायालयानेंही मान्य केलें. आणि तरीही योजना समर्थनीय ठरविली!

स्कॉटलंडांत ही तपासणी नाहीं, म्हणून तेथील राज्य बुडालें नाहीं. परवाने तपासणें हें सरकारचें काम. तें दुसऱ्याच्या उंबरठ्यावर टाकून अन्यायाबाबत स्वतः नामानिराळें राहणें, यास राज्यकारभार म्हणत नाहींत. ही तपासणी रद्दच झाली पाहिजे.