नाक राखण्याची विद्या

'नाक कापलं' म्हणजे अब्रू गेली, असे आपण म्हणतो. एके काळी ती नुसती म्हण नव्हती, शिक्षा होती. 1792च्या लढाईत इंग्रज फौजेचे बैल हाकणारा कावसजी टिपूच्या हाती लागला. त्याचे नाक आणि एक हात छाटला गेला. वर्षभराने पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एकाने त्याला नवे नाक दिले. मेणाचा साचा कपाळावर सपाट करून आखले, त्या रेघेने कातडी सोडवली. मेख पुढेच आहे: कातडी पुरती तोडली नाही. भुवयांमध्ये तिचा देठ राखला, म्हणून रक्त वाहत राहिले. ती खाली वळवून काताने चिकटवली आणि पंचविसाव्या दिवशी देठ कापला. 'जंटलमन्स मॅगझिन'ने ऑक्टोबर 1794मध्ये हे छापले. त्यावरून कार्प्यू या सर्जनने 1814मध्ये लंडनमध्ये तसेच नाक घडवले. कावसजीचे नाव उरले, त्याचे चित्र काढणाऱ्या वेल्सचेही उरले. कारागिराचे नाव कुणी टिपले नाही.

वऱ्हाडात नाक नेले ते शिक्षेने नव्हे, कुष्ठरोगाने. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946मध्ये अमरावतीत तपोवन उभारले, ते कुष्ठरुग्णांसाठीच. या रोगाच्या जंतूला शरीराची थंड जागा मानवते. नाकातला पडदा आतून झिजतो, नाक बसते, वरची कातडी मात्र शाबूत असते. गिलीज या सर्जनने हे ओळखले: बाहेर हात न लावता आतून नवे अस्तर आणि आधार द्यायचा. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुंबईच्या डॉ. नोशीर अंतिया यांनी पुण्याजवळ कोंढव्यात कुष्ठरुग्णांची नाके अशीच उभी केली.

आज 'प्रिझर्व्हेशन रायनोप्लास्टी' ही नाकाची शस्त्रक्रिया नवी म्हणून गाजते. नाकाचा उंचवटा वरून तासायचा नाही. खालच्या पडद्याची पट्टी काढून अख्खा कणा खाली बसवायचा. छपराची कवेलू न उकलता खालचा खांब बोटभर कमी करावा, तसे. बोस्टनच्या गुडेलने 1899मध्येच हे मांडले होते.

अमरावती-अकोल्याच्या वाचकाने मात्र आधी एवढे करावे. अंगावर बधिर चट्टा, म्हणजे कुष्ठरोगाची खूण, दिसला तर सरकारी दवाखाना गाठावा. औषध फुकट मिळते, आणि वेळेत घेतले तर नाक बसत नाही.