श्वास मोजायला एक मिनिट

वॉर्डातला ताप, नाडी, श्वास नोंदवायचा टीपीआर चार्ट उघडून श्वासाचा रकाना वाचावा. पहाटे २०, दुपारी २०, रात्रीही २०. शेजारच्या खाटेवरही २०. अख्खा वॉर्ड काही एका लयीत श्वास घेत नाही. असा आकडा मोजलेला नसतो, भरलेला असतो.

नाडी, ऑक्सिजन, बीपी यंत्र सांगतं. श्वासासाठी मात्र पेशंटच्या छातीकडे मिनिटभर बघत उभं राहावं लागतं. प्रकृती ढासळू लागली की बरेचदा बीपी पडण्याआधी श्वासच वाढतो. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेल्या ‘न्यूज’ या गुणपद्धतीत श्वास मिनिटाला २५ झाला की एकदम ३ गुण. नाडी, बीपी वगैरेंचे धरून सगळे गुण ७ झाले की डॉक्टरांनी धावायचं.

नंदुरबार जिल्ह्यात तर सिकलसेल हा रक्ताचा आजार घरोघरी ठाऊक. ताप, छातीत दुखणं म्हणून दाखल झालेल्या सिकलसेलच्या तरुणाचा श्वास १८ वरून २८ वर गेला आणि चार्टवर मात्र २० च राहिला, तर रनाळ्यासारख्या गावातून त्याला नंदुरबारला हलवायचे मोलाचे तास हातचे जातात.

श्वास मोजणं जमत नाही म्हणावं, तर गडचिरोली आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने जेमतेम शिकलेल्या आरोग्यदूतांच्या हाती मणी आणि वाळूचं घड्याळ दिलं. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत सगळे मणी सरकले, तर न्यूमोनिया. पाढे न येणाऱ्या बाईलाही हे जमलं!

खुद्द नंदुरबारने कोरोनाकाळात, डॉ. राजेंद्र भारूड जिल्हाधिकारी असताना, ‘ऑक्सिजन नर्स’ नेमल्या. पेशंटची ऑक्सिजन पातळी वरचेवर बघून प्राणवायू कमी-जास्त करणं हेच त्यांचं काम. वाया जाणारा प्राणवायू वाचला. कारण मोजणी ठरावीक माणसाच्या अंगावर होती, ‘कुणीतरी बघेल’ नव्हतं.

म्हणून सिस्टरवर चिडून उपयोग नाही. रात्रपाळीला एकटीच्या वाट्याला अख्खा वॉर्ड, शिवाय इंजेक्शनं, सलाईन, कागदपत्रं. मिनिटभर उभी राहणार कधी? तिला जोडीदार द्या. आणि रात्री दोनला तिने फोन केला तर “सकाळी बघू” हे उत्तर बंद करा, नाहीतर मोजूनही काय फायदा?

उशाशी बसलेल्या नातेवाइकांनीही घड्याळ लावून मिनिटभर मोजावं. मोठ्या माणसाचा आकडा २५ किंवा वर दिसला, तर सकाळची वाट न बघता सिस्टरला बोलवावं.