घरी विचारून सांगते!

गेल्या आठवड्यात एका पर्मनंट नोकरीसाठी माझा इंटरव्ह्यू झाला. (कुठे ते विचारू नका. शहर लहान आहे आणि आमची लाइन त्याहून लहान.) सगळं मस्त चाललं होतं. शेवटी समोरच्या बाईंनी विचारलं, ‘‘मग, तू हंड्रेड पर्सेंट तयार आहेस ना?’’

आता अशा वेळी काय म्हणायचं असतं ते मास कॉमच्या पहिल्या वर्षापासून मला माहिती आहे. ‘अॅब्सोल्यूटली!’ पण आईचं गुडघ्याचं ऑपरेशन तोंडावर आलंय आणि तिथे रोज रात्री नऊ वाजतात, हेही मला माहिती होतं. म्हणून खरं ते बोलून गेले. ‘‘घरी विचारून दोन दिवसांत सांगते.’’

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. फक्त पेनाला टोपण लागलं.

संध्याकाळी मिसिसागाच्या दादाला फोन केला. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. टोरांटोच्या शेजारी राहतो, आयटीत आहे आणि तिकडे गेल्यापासून मेपल लीफ्स नावाच्या आइस हॉकी टीमच्या नादाला लागलाय. माझी कहाणी ऐकून तो खो खो हसला. ‘‘ए बाई, तुझा डूबस झाला!’’

डूबस? नावातच ‘डूब’ आहे म्हटल्यावर मला काही बरं वाटलं नाही. पण त्याने सांगितलेली गोष्ट इतकी सॉलिड आहे की तुम्हालाही सांगायलाच हवी.

आधी थोडं बॅकग्राउंड. उत्तर अमेरिकेच्या एनएचएल लीगमध्ये ३२ टीम्स आहेत. प्रत्येक टीमला कोच असतो, पण त्याच्याही वर असतो जनरल मॅनेजर. कुठला खेळाडू घ्यायचा, कुणाला दुसऱ्या टीमशी अदलाबदल करून द्यायचं, कुणाला किती पगार, कोच कोण, हे सगळं तो ठरवतो. आणि पगारांच्या एकूण बेरजेवर लीगची मर्यादा असते. म्हणजे बजेट ठरलेलं, त्यात लग्न उरकायचं!

मेपल लीफ्स ही त्या लीगमधल्या सगळ्यात श्रीमंत टीम्सपैकी एक. पण स्टॅनली कप त्यांनी शेवटचा जिंकला १९६७ मध्ये. तेव्हा लीगमध्ये टीम्सच मुळी सहा होत्या! त्यामुळे इथल्या जनरल मॅनेजरची खुर्ची म्हणजे भर चौकात मांडलेली खुर्ची. येणारा-जाणारा प्रत्येक जण सल्ला देऊन जातो.

२०१८ च्या मे महिन्यात टीमचे प्रेसिडेंट ब्रेंडन शॅनहन यांनी या खुर्चीत काइल डूबसला बसवलं. वय वर्षं ३२! त्याच्या आधीचे लू लॅमोरेलो ७५ वर्षांचे होते. डूबस हा आकडेवारी वाचणारा, चष्मा लावणारा, आपल्या एखाद्या टीम लीडरसारखा दिसणारा पोरगा. सगळे म्हणाले, वा, आता नवा विचार! त्याने जॉन टव्हारेसला सात वर्षांच्या करारावर आणलं आणि ऑस्टन मॅथ्यूज, मिच मार्नर, विल्यम नीलँडर या तरुण स्टार्सना दणदणीत पगार दिले. या चौघांतच टीमचं जवळजवळ अर्धं बजेट गेलं. पुढे करोना आला, पगाराची मर्यादा वाढेचना, आणि उरलेल्या अर्ध्यात बाकीची सगळी टीम भागवायची वेळ आली.

रेग्युलर सीझनमध्ये टीम झकास खेळायची. बाद फेरी आली की पहिल्याच पायरीवर धडपडायची. अखेर २०२३ मध्ये १९ वर्षांनी त्यांनी एक सीरिज जिंकली. दादाने त्या रात्री शेजाऱ्यांना श्रीखंड वाटलं होतं म्हणे. पण पुढच्याच सीरिजमध्ये फ्लोरिडाने त्यांना पाच मॅचमध्ये घरी पाठवलं.

आता खरी गोष्ट. डूबसचा करार त्याच उन्हाळ्यात संपत होता. म्हणजे अख्खा सीझन तो अप्रेझल न झालेल्या माणसासारखा काम करत होता. १५ मे रोजी तो पत्रकारांसमोर आला. पुढे काय, असं विचारल्यावर त्याने सांगितलं, की हे वर्ष घरच्यांना फार जड गेलंय, त्यांच्याशी नीट बोलल्याशिवाय मी काही ठरवू शकत नाही. आणि हेही सांगितलं, की राहिलो तर इथेच, नाहीतर थोडं थांबेन. दुसरी टीम शोधणार नाही.

झालं! चारच दिवसांनी, १९ मे रोजी, शॅनहननी त्याला नारळ दिला. आणि त्याच दिवशी प्रेस कॉन्फरन्स घेऊन सगळा घटनाक्रमही सांगितला. कराराची ऑफर दिलेली होती. मग ती प्रेस कॉन्फरन्स ऐकली आणि मनात शंका आली. गुरुवारी डूबसच्या एजंटने पैशांचा नवा आकडा पाठवला. त्याच संध्याकाळी डूबसचा ईमेल आला, की मला जनरल मॅनेजर म्हणून राहायचंय. पण तोवर शॅनहन यांचं मत बदललेलं होतं.

ईमेल उशिरा पोचला! मी हे ऐकलं आणि माझ्या पोटात गोळाच आला.

दादा म्हणतो, शॅनहनचं काय चुकलं? ड्राफ्ट जूनअखेर. १ जुलैपासून मॅथ्यूज आणि मार्नरच्या करारातलं असं कलम लागू होणार, की त्यांच्या परवानगीशिवाय त्यांना कुठे पाठवता येणार नाही. अशा वेळी मॅनेजरच ‘बघतो’ म्हणायला लागला तर? शिवाय घरचं कारण सांगायचं आणि मग एजंटकडून पैसे वाढवून मागायचे, हे कसं दिसतं?

मुद्दा बरोबर आहे. पण त्या जागी कुणाला निवडलं ते बघा.

बारा दिवसांत, ३१ मे रोजी, ब्रॅड ट्रिलिव्हिंग आले. वय ५३, कॅलगरीत नऊ वर्षं हेच काम केलेले. म्हणजे ७५ नंतर ३२ आणि ३२ नंतर पुन्हा अनुभव! ‘आपल्याला काय हवंय’ यापेक्षा ‘मागच्यात काय नव्हतं’ हे बघूनच निवड झाली, असं मला तरी वाटतं. आपल्याकडे नाही का, आधीचा बॉस कडक होता म्हणून प्रेमळ आणतात, आणि मग प्रेमळाचा कंटाळा आला की परत कडक?

गंमत पुढेच आहे. कॅलगरीत असताना ट्रिलिव्हिंगना २०२२ मध्ये आपला स्टार खेळाडू मॅथ्यू टकाचक सोडावा लागला, कारण तो तिथे लांबचा करार करायला तयार नव्हता. त्याला कुठे पाठवलं? फ्लोरिडाला! ज्या फ्लोरिडाने टोरांटोला हरवलं, त्या टीमचा हीरो हाच. म्हणजे ज्या पराभवाने ही जागा रिकामी झाली, त्यातला एक खेळाडू ट्रिलिव्हिंगनीच तिकडे पाठवलेला. आणि १ जूनला डूबस पिट्सबर्गचा प्रेसिडेंट झाला. दुसरीकडे जाणार नाही म्हणणारा माणूस पंधरवड्यात दुसरीकडे!

मग कोण बरोबर ठरलं? कुणीच नाही. टोरांटोने २०२४ मध्ये बॉस्टनसमोर सातवी मॅच घालवली. २०२५ मध्ये पुन्हा फ्लोरिडासमोर सातवी, तीही घरच्या मैदानावर ६-१ अशी. पिट्सबर्गला डूबसच्या पहिल्या दोन सीझनमध्ये बाद फेरीही गाठता आली नाही. आणि मे २०२५ मध्ये टोरांटोने शॅनहन यांचा करार पुढे वाढवला नाही. निवड करणाराही गेला. टीम मात्र पुन्हा पुढच्या सीझनची वाट बघायला मोकळी.

फोन स्पीकरवर होता. मागून वहिनी म्हणाली, ‘‘मला एक सांगा, घरी न विचारता जो हो म्हणतो, त्याच्या घरच्यांना कुणी विचारतं का?’’

दादा एकदम गप्प. मागच्या वर्षी त्याने प्रमोशन घेतलं तेव्हा त्याने ऑफिसात तिथल्या तिथे ‘अॅब्सोल्यूटली’ म्हटलं होतं. वहिनीला बातमी कळली ती त्याच्या लिंक्डइनवरून!

मला वाटतं, डूबसची चूक असलीच तर एवढीच, की खरं बोलायला त्याने माइक निवडला. तेच बॉसच्या केबिनमध्ये बोलला असता तर कदाचित... पण मी तर केबिनमध्येच बोलले होते ना!

असो. आईशी बोलले. ती म्हणाली, ‘‘माझ्या गुडघ्याचं निमित्त करू नकोस. तुला हवी असेल तर घे.’’ म्हणजे ज्यासाठी थांबले होते ते कारणही गेलं. हवी आहे का, हे आता मलाच ठरवायचं होतं. हवी होती. रविवारी रात्री मेल टाकला.

आज गुरुवार. उत्तर नाही. इनबॉक्स दर दहा मिनिटांनी उघडते आहे. पुढच्या आठवड्यात हा कॉलम वेळेवर आला, तर काय झालं ते तुम्ही ओळखाच!