आपल्याच तोंडची साक्ष

निवडणुकीचा हंगाम आला की वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत उमेदवारांच्या जीवनपरिचयांचा ढीग जमतो. जुन्नर व आंबेगाव हे विधानसभा मतदारसंघही यास अपवाद नाहीत. मजकूर बहुधा उमेदवारानेच पुरविलेला असतो आणि थोडी काटछाट करून पत्रे (आमचेही त्यात आलेच) तो छापून मोकळी होतात. माणसाने स्वतःविषयी सांगितलेले कोठवर खरे धरावे, हा प्रश्न म्हणूनच केवळ पंडितांचा राहिलेला नाही.

वस्तुतः जुन्नरच्या डोंगरांत तो दोन हजार वर्षे कोरलेला आहे. नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा मानला जाणारा लेख अश्वमेधादी यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, हत्ती, घोडे व कार्षापणांची यादी देतो. हिशेब सारा यजमानाचा. घेणाऱ्याची पावती कोठेच नाही. उलट मानमोडीच्या लेण्यातील अयम अमात्याचा लेख पाहावा. पाण्याचे टाके व मंडप दिल्याचे सांगताना तो आपले वत्स गोत्र, धनी महाक्षत्रप नहपान आणि वर्ष ४६ सहज नोंदवून जातो. दानाची बढाई मारता येईल. परंतु वर्ष खोटे सांगून त्याच्या पदरात काय पडणार होते? शिवाय नहपानाचा जावई उषवदात याच्या नाशिक येथील लेखांतील ४१, ४२, ४५ ही वर्षे त्याच्याशी जुळतात. इतिहासकारांनी ही साक्ष ग्राह्य धरली ती या कारणाने, अयम मोठा अधिकारी होता म्हणून नव्हे.

उमेदवाराच्या शपथपत्रास हीच कसोटी लावावयास हवी. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निर्णयांमुळे गुन्हे, मालमत्ता, कर्ज व शिक्षण यांची माहिती मतदारास मिळू लागली. खोट्या माहितीस सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. प्रचारपत्रकाहून शपथपत्र बरे, ते एवढ्या धाकापुरते. आपल्यावर खटला चालू असल्याची कबुली उमेदवार देतो, ती खुशाल स्वीकारावी. स्वतःस बाधक गोष्ट कोणी हौसेने लिहीत नाही. जमिनीची किंमत मात्र 'शपथपत्रानुसार' या शब्दावाचून छापू नये. आणि 'वीस वर्षांची समाजसेवा' तर ती ज्या गावाची केली, त्या गावासच विचारावी.

आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचा गिरणी कामगार बाबू गेनू १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विलायती कापडाच्या मोटारीसमोर आडवा झाला व तिच्याखाली चिरडला गेला. त्याने आपला परिचय कोणत्याही कचेरीत धाडला नव्हता. रस्त्यावर उभ्या असलेल्यांनी जे पाहिले, त्यावर त्याचे चरित्र उभे आहे.

यापुढे उमेदवारांचे परिचय छापताना त्यांनी दिलेली माहिती व आम्ही पडताळलेली माहिती निरनिराळी दाखविण्याचे आम्ही ठरविले आहे. उमेदवारांची कुरकूर होईल. ती आम्ही ऐकून घेऊ.