आधी ब्रेक, मग मोटर



हल्ली ज्या आजी-आजोबांशी बोलावं, त्यांच्या घरात एकच विषय असतो. नातवाला सायकलला मोटर लावायची आहे. दुकानातली तयार विजेची सायकल महाग, म्हणून मुलं मोटरचा संच मागवतात आणि बाल्कनीत नाहीतर तळघरात पाने-पक्कड घेऊन बसतात. मग आजी मला विचारते, "अगं, तू नर्स होतीस, तूच सांग, करू द्यायचं की नाही?" म्हणून आजचा लेख आजीसाठीही आहे आणि नातवासाठीही. दोघांनी मिळून वाचावा.

पहिली गोष्ट, हा नाद काही आजचा नाही. मी राहते ते त्सुफेनहाउझेन म्हणजे श्टुटगार्ट शहराचा उत्तरेकडचा भाग, पोर्शे मोटारींचा कारखाना आहे तोच. इथून लोकल गाडीने एकदा गाडी बदलून कानश्टाटला जाता येतं. तिथे 1882 साली गोटलीब डाइमलर नावाच्या इंजिनियरने बागेसह एक बंगला घेतला आणि बागेतल्या काचघरात कारखाना थाटला. सोबतीला त्याचा मित्र विल्हेल्म मायबाख. दोघे इतक्या गुपचूप काम करायचे की माळ्याला वाटलं, हे खोटी नाणी पाडतात, आणि त्याने पोलिसांना वर्दी दिली अशी गोष्ट इथे सांगतात. पोलिसांना सापडलं काय, तर इंजिन!

तेच इंजिन त्यांनी 1885 साली लाकडाच्या दोन चाकांच्या गाडीवर बसवलं. तोल जाऊ नये म्हणून बाजूला दोन छोटी चाकं होती, लहान मुलांच्या सायकलला असतात ना, तशीच. चाकांना लोखंडी पट्ट्या, ताकद अर्धा हॉर्सपॉवर, वेग फार तर ताशी 12 किलोमीटर. त्याच वर्षी 29 ऑगस्टला पेटंट घेतलं आणि नोव्हेंबरात डाइमलरचा एक मुलगा या गाडीवर बसून कानश्टाटहून उंटरट्युर्कहाइमपर्यंत, म्हणजे सुमारे 3 किलोमीटर गेला. जगातली पहिली मोटरसायकल म्हणतात ती हीच. इंधन पेटवण्यासाठी तापवलेली नळी होती, ती नेमकी बसायच्या जागेखाली. म्हणून बैठकीने पेट घेतला, असंही सांगतात.

आपल्याला अग्नीच्या रथाची गोष्ट नवीन नाही. एलियाहू हनाबी त्यातूनच स्वर्गात गेला, आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाच्या चाकांची खूण आपले लोक दाखवतात. पण बाळांनो, तो हनाबी होता. तुम्ही-आम्ही पेटत्या गाडीवर बसायचं नाही, बरं का!

दुसरी गोष्ट जपानची. महायुद्ध संपल्यावर 1946 साली हामामात्सु गावात सोइचिरो होंडाने सैन्याच्या रेडिओसाठी बनवलेली छोटी इंजिनं मिळवली आणि सायकलींना बसवली. बायको अन्नधान्यासाठी लांब-लांब सायकल मारत जायची, तिचे कष्ट कमी व्हावेत हा विचार त्यामागे होता, असं सांगतात. पहिली टाकी कशाची होती माहीत आहे? अंथरूण ऊबदार करायला लोक गरम पाणी भरून ठेवतात त्या बाटलीची! नर्स म्हणून मी अशा बाटल्यांत गरम पाणी पुष्कळ भरलं, पण पेट्रोल भरायचं कधी सुचलं नाही.

आमच्या शेजारच्या कोर्नवेस्टहाइम गावात क्राइडलर कंपनीने 1951 साली मोपेड काढली. या कंपनीचा धातूचा कारखाना इथे त्सुफेनहाउझेनमध्येच होता. 1982 साली क्राइडलरचा गाड्यांचा धंदा बुडाला, पण इथले म्हातारे अजून त्या गाड्यांची आठवण काढतात. आणि आपल्याकडे? 1972 साली फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीची लुना आली. 50 सीसीचं इंजिन, वर सायकलसारखी पॅडल्स. शाळेतले मास्तर, नर्सा, दूधवाले, सगळे लुनावर. म्हणजे सायकलला मोटर हे गरीब आणि मध्यमवर्गाचं स्वप्न सगळीकडे सारखंच.

आता घरी काय करतात ते सांगते. संचात बहुधा मोटर असलेलं तयार चाक येतं, एक बॅटरी, वीज कमी-जास्त करणारी कंट्रोलर नावाची डबी, आणि पॅडल फिरतं आहे की नाही हे ओळखणारा सेन्सर. साधी बॅटरी 36 व्होल्टची असते. आत 3.6 व्होल्टचे 10 सेल एकापुढे एक जोडलेले असतात, म्हणून 36. मुलांनो, हा गुणाकार आजीला करून दाखवा.

मोटर 250 वॅटची असते. हे किती, तर साधा माणूस दमाने तासभर पॅडल मारतो तेव्हा त्याच्या पायांची ताकद 75 ते 100 वॅट असते. म्हणजे सायकलवर तुमच्याबरोबर आणखी दोन-तीन माणसं पॅडल मारायला बसली, पण वजन नाही! डाइमलरचा अर्धा हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे 370 वॅट. त्याच्या दोन-तृतीयांश ताकद आज पोळीच्या डब्याएवढ्या जागेत मावते.

जुन्या सायकलला ही ताकद लावणं एका दुपारचं काम आहे. पण सायकल बनवणाऱ्याने ती माणसाच्या पायांसाठी बनवलेली असते. तिचे ब्रेक, तिचा चिमटा (पुढचं चाक धरतो तो), तिच्या तारा, सगळं त्या हिशोबाचं. मोटर चाकाला एका बाजूला ढकलते तेव्हा चाकाचा दांडा उलट फिरायला बघतो. म्हणून दांड्याला लोखंडी पट्टी लावून चिमट्याशी पक्कं बांधावं लागतं. ॲल्युमिनियमच्या चिमट्यात मोटरचं चाक बसवू नये. तो वाकून इशारा देत नाही, एकदम तुटतो.

आणि थांबणं? धोका दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंत माणसाला साधारण एक सेकंद लागतो. रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगले असतील तर ताशी 15 किलोमीटर वेगाची सायकल सुमारे 6 मीटरमध्ये थांबते. ताशी 25 ला सुमारे 13 मीटर लागतात. ताशी 45 ला 32 मीटर! वेग तिप्पट झाला, पण थांबायची जागा पाचपट झाली. पावसात याहून जास्त. अपघात विभागात येणारा कोणी पेशंट "मला पळता आलं नाही" म्हणत नाही, सगळे "थांबता आलं नाही" म्हणतात. म्हणून नातवाला सांगा, मोटर नंतर, आधी ब्रेक. चांगले डिस्क ब्रेक किंवा नवे ब्रेक-गुटके बसव, नव्या केबल घाल, आणि ब्रेक दाबताच मोटर बंद करणारा खटका असलेला हँडब्रेक लाव. आजीसमोर उतारावर थांबून दाखव. मग मोटर.

दुसरा धोका बॅटरीचा. लिथियमची बॅटरी घरात सोल्डर करून बनवू नये. सुटे सेल गोळा करून तर मुळीच नाही. तयार, खात्रीची बॅटरी घ्यावी आणि तिच्यासोबत आलेल्याच चार्जरने चार्ज करावी. झोपताना चार्जिंगला लावू नये. जिन्यात किंवा दरवाजाजवळ लावू नये, कारण आग लागली तर पळायची वाट तीच असते. बॅटरी फुगली, तापली, पडली किंवा वास मारू लागली तर वापरायची नाही. धूर निघाला तर विझवत बसू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, दार ओढून घ्या आणि फोन करा. इथे 112, इस्राएलमध्ये अग्निशामकासाठी 102. कुणाला भाजलंच तर वाहत्या, बेताच्या थंड पाण्याखाली भाजलेला भाग 20 मिनिटे धरावा. टूथपेस्ट, शाई, तूप, हळद यांतलं काहीही लावायचं नाही. ही चूक आपल्या घरांत अजून होते.

आता कायदा. जर्मनी, इस्राएल आणि भारत, तिन्ही देशांत दोन आकडे सारखे आहेत, 250 वॅट आणि ताशी 25 किलोमीटर. जर्मनीत मोटरने फक्त पॅडल मारतानाच मदत करायची, 25 ला मदत बंद व्हायला हवी. तरच ती सायकल. मूठ पिळली की पॅडल न मारता धावते अशी केली तर ती मोटरगाडी झाली, तिला परवानगी आणि विमा लागतो, आणि विम्याशिवाय चालवणं हा गुन्हा आहे. पेट्रोलचं इंजिन जोडलं तरी तेच. इस्राएलमध्ये 16 वर्षं पूर्ण झाल्याशिवाय विजेची सायकल चालवता येत नाही आणि हेल्मेट सक्तीचं आहे. "मुलगा हुशार आहे, पंधराचाच आहे" हे पोलिसाला सांगून उपयोग नाही.

शब्बाथचं काय, असं कोणी तरी विचारणारच. बगदादचे हाखाम योसेफ हायिम, ज्यांना आपण बेन इश हाय म्हणतो, त्यांनी साध्या सायकलला काही अटींवर मोकळीक दिली होती, पण बहुतेक रब्बींनी ती मान्य केली नाही. मोटर लागली की तो वादच उरत नाही. शब्बाथला बॅटरीलाही विश्रांती आणि पायांनाही.

शेवटी आजी-आजोबांसाठी दोन शब्द. नातवाची सायकल तयार झाल्यावर "आजी, तू बसून बघ" असा आग्रह होणार. जरूर बसा, पण मोकळ्या मैदानात, मदत सगळ्यात कमी ठेवून. अशी सायकल जड असते आणि पॅडलवर नुसता पाय टेकला तरी पुढे झेप घेते, म्हणून उभं असताना बोटं ब्रेकवरच असू द्या. हेल्मेट घाला. आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील आणि डोक्याला मार लागला, तर "काही नाही, बरं वाटतंय" म्हणून घरी बसू नका. त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा आणि गोळीचं नाव सांगा. डोक्यातलं रक्त कधी कधी तासाभराने, कधी दुसऱ्या दिवशी त्रास देतं.

तर करू द्यायचं की नाही? माझं उत्तर, करू द्या. हात काळे झाल्याशिवाय यंत्र कळत नाही. पण मधे-मधे तळघरात जाऊन स्टूल टाकून बसा आणि विचारा, "हे थांबतं कसं, ते आधी दाखव." त्याने नीट दाखवलं तर त्याला पोळी-भाजी वाढा. नाही दाखवलं तर पाना काढून घ्या.

पुढच्या अंकात भेटूच. तोपर्यंत सगळ्यांना शालोम.