तळीराम, एकच प्याला आणि आपलं हॉस्टेल

गटारी आली किंवा ३१ डिसेंबर आला की पेपरात एक शब्द हमखास छापून येतो : तळीराम. 'तळीरामांवर पोलिसांची नजर', 'तळीरामांची गर्दी' वगैरे. वाचून आपण हसतो आणि पान उलटतो. हा शब्द आला कुठून, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? तो राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' या नाटकातला. नाटक १९१९ साली रंगभूमीवर आलं. त्यातला सुधाकर हा हुशार, मानी वकील. कोर्टात खटका उडतो, सनद काही महिन्यांसाठी जाते, आणि तो अपमान विसरायला तळीराम त्याच्या हातात पहिला प्याला देतो. पुढे सुधाकरच्या घराची पार राखरांगोळी होते. शंभर वर्षांत आपण मात्र सुधाकर विसरलो आणि लक्षात ठेवला तो तळीराम!

दारूबद्दलचा आपला सगळा गोंधळ मला यात दिसतो. मराठीत पिणाऱ्यासाठी शब्द किती? बेवडा, दारुड्या, पिदाडा, तळीराम, टल्ली, टाइट. सगळे एक तर टिंगलीचे, नाही तर शिवीसारखे. 'याला आजार आहे' असं सांगणारा साधा, रोजच्या बोलण्यातला एकही शब्द नाही. हॉस्टेलमध्येही दोनच भाषा चालतात. एक आपली : "काल किती टाकली?" दुसरी नोटीस बोर्डवरची : 'आढळल्यास कडक कारवाई करण्यात येईल.' एकीकडे विनोद, दुसरीकडे शिक्षा. ज्याला खरंच त्रास होतोय, त्याने या दोन्हींच्या मध्ये जायचं कुठे? या लेखात मला एवढंच विचारायचं आहे.

आधी थोडे आकडे, इंजिनीअर लोकांना ते आवडतात. दिल्लीच्या 'एम्स'ने केंद्र सरकारसाठी देशभर पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार १० ते ७५ या वयोगटातले सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात. त्यातल्या साधारण पावणेसहा कोटी लोकांचं पिणं त्रासदायक पातळीवर गेलंय किंवा ते व्यसनाधीन झालेत. आणि मला सगळ्यात जास्त टोचलेला आकडा हा : व्यसनाधीन झालेल्या ३८ माणसांमागे फक्त एकाला कुठला ना कुठला उपचार मिळाला. बाकीच्या ३७ जणांना बहुतेक उपदेश मिळाला असावा. तो आपल्याकडे फुकट आणि मुबलक मिळतो.

दुसरी गोष्ट या आकड्यांतच दिसते. पिणारे १६ कोटी, त्यातले त्रासात पावणेसहा कोटी. म्हणजे पहिला प्याला घेणारा प्रत्येक जण सुधाकर होत नाही. मग कोण होतो? यात साधारण निम्मा वाटा आनुवंशिकतेचा असतो असं संशोधन सांगतं. उरलेला निम्मा परिस्थितीचा : कुठल्या वयात सुरुवात झाली, सोबत कोण होतं, मनात काय चाललं होतं. वाईट हे आहे की आपण कुठल्या गटातले हे आधी कळायची सोय नाही. कपाळावर तसं काही लिहिलेलं नसतं. आणि हो, महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी कायद्याने वय २१ लागतं, बाकी दारूसाठी २५. म्हणजे आपल्या हॉस्टेलातले जवळजवळ सगळेच 'एक्स्पर्ट' कायद्याने अपात्र आहेत!

आता हा आजार कसा, ते पाहू. आम्ही इन्स्ट्रुमेंटेशनवाले सगळीकडे कंट्रोल सिस्टिम शोधतो, पण इथे ती खरोखरच आहे. मेंदूत एक ब्रेक आहे आणि एक ॲक्सिलरेटर. ब्रेकचं काम 'गाबा' नावाचं रसायन करतं, ॲक्सिलरेटरचं काम 'ग्लुटामेट'. दारू ब्रेक जोरात दाबते आणि ॲक्सिलरेटर सैल करते. म्हणून पिणारा आधी मोकळा होतो, मग लडखडतो, मग झोपतो. हे महिनोन्‌महिने रोज होत राहिलं, की मेंदू फीडबॅक देऊन स्वतःला जुळवून घेतो. तो ब्रेक ढिला करतो, ॲक्सिलरेटर वाढवतो. नवा सेट पॉइंट तयार होतो. आता हा माणूस मजेसाठी पीत नाही, 'नॉर्मल' वाटावं म्हणून पितो. आणि एक दिवस दारू अचानक बंद झाली तर? दारूने दाबलेला ब्रेक निघून जातो आणि वाढवलेला ॲक्सिलरेटर तसाच राहतो. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-चार दिवसांनी काहींना भास होतात, नसलेली माणसं नि किडे दिसतात, ताप चढतो. वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावतो.

म्हणून 'खोलीत कोंडून ठेवा, चार दिवसांत उतरेल' हा आपल्याकडचा लाडका उपाय जिवावर बेतू शकतो. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच तोडायची असते. त्यासाठी ठरावीक दिवस शांत करणारी औषधं देतात आणि सोबत बी-१ जीवनसत्त्व. इच्छाशक्तीने फिट थांबत नाही.

दुसरा लाडका उपाय एसटी स्टँडच्या भिंतीवर आणि रस्त्याकडेच्या झाडांवर रंगवलेला असतो : 'पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा.' जेवणात पावडर मिसळायची आणि नवरा सुधारायची वाट बघायची. दारू सोडण्याचं एक खरं औषध आहे, डायसल्फिरम. दारू सोडण्यासाठी ते वापरता येईल हे १९४०च्या दशकात डेन्मार्कमध्ये लक्षात आलं. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर दारूचं शरीरात पूर्ण विघटन होत नाही, ॲसिटाल्डिहाइड साचतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. ज्याने समजून-उमजून गोळी घेतली त्याच्यासाठी ती कुंपणासारखी आहे. पण गुपचूप कोणाला दिली आणि तो नेहमीसारखा प्यायला, तर तो मरूही शकतो. मग भिंतीवरच्या त्या पावडरीत काय आहे हे कोणालाच माहीत नसताना ती भाजीत मिसळणं म्हणजे काय, याचा विचार ज्याचा त्याने करावा. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन आणि ॲकॅम्प्रोसेट ही औषधंही आहेत. पण तीही डॉक्टरांनी तपासून, रुग्णाला सांगूनच द्यायची.

शरीरातून दारू गेली, पण डोक्यातून? इथून वेगवेगळे रस्ते फुटतात.

पहिला रस्ता अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा, म्हणजे ए.ए.चा. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन भेटले. दोघेही दारूपुढे हरलेले. एकमेकांशी बोलत राहिलं तर आपण पीत नाही, असं त्यांच्या लक्षात आलं. यातूनच ए.ए. उभी राहिली. भारतात ती १९५७ मध्ये आली. फी नाही, आडनाव विचारत नाहीत, अट एकच : पिणं थांबवायची इच्छा. 'जन्मभर सोडली' अशी भीष्मप्रतिज्ञा तिथे करायला लावत नाहीत. फक्त आजचा दिवस प्यायचं नाही, उद्याचं उद्या. आणि इथे गडकऱ्यांचं शीर्षक वेगळ्या अर्थाने पटतं. ज्याला हा आजार जडलाय त्याच्यासाठी खरा धोका दहाव्या प्याल्यात नसतो, तो पहिल्या 'एकच प्याल्या'तच असतो. घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचे वेगळे गट आहेत, कारण एक पितो तेव्हा आजारी सगळं घर पडतं.

ए.ए.च्या बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख येतो. काहींना तो आधार वाटतो, काहींना खटकतो. खटकणाऱ्यांसाठी दुसरा रस्ता आहे, समुपदेशनाचा. कुठल्या विचाराने, कुठल्या वेळी हात ग्लासकडे जातो हे शोधून ती साखळी तोडायची. किंवा समुपदेशकाने उपदेश न करता असे प्रश्न विचारायचे, की बदलायची कारणं माणूस स्वतःच्या तोंडाने बोलू लागेल. अमेरिकेत १९९४ मध्ये सुरू झालेली 'स्मार्ट रिकव्हरी' हे स्वमदतगटांमधलं असंच ईश्वराविना चालणारं रूप.

तिसरा रस्ता आपल्या पुण्यातला. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या आर्थिक मदतीने येरवड्याला 'मुक्तांगण' सुरू केलं. सुरुवातीला डोळ्यांसमोर गर्दचं व्यसन होतं, पुढे दारूचे रुग्णही मोठ्या संख्येने आले. तिथे औषध आहे, समुपदेशन आहे, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकत्र राहणं आहे. ठरलेली दिनचर्या, वाटून घेतलेली कामं, घरच्यांच्या भेटी. आणि बरे झालेले रुग्णच पुढे तिथे कार्यकर्ते होतात. 'मला काय होतंय ते तुला काय कळणार?' हा प्रश्न तिथे फारसा टिकत नाही, कारण समोरचा त्याच वाटेने आलेला असतो.

चौथा रस्ता माणसापेक्षा गाव बरं करण्याचा. गडचिरोलीत लोकांच्या चळवळीतून १९९३ मध्ये जिल्हाभर दारूबंदी झाली. शेजारच्या चंद्रपुरात ती २०१५ मध्ये झाली आणि २०२१ मध्ये उठली. बंदीने चोरटी दारू वाढते, हे विरोधकांचं म्हणणं खोटं नाही. पण दारू सहज हाताशी असली की पिणं वाढतं, हेही खरं आहे. माझ्या मते नुसती बंदी म्हणजे नुसती गोळी. सोबत उपचार आणि गावाचा सहभाग नसेल तर दोन्ही फसतात.

मग सगळ्यात चांगला रस्ता कुठला? अमेरिकेत १,७२६ रुग्णांवर याची मोठी चाचणी झाली, तिचे मुख्य निष्कर्ष १९९७ मध्ये आले. बारा पायऱ्या, विचारांची साखळी तोडणं आणि प्रेरणा जागवणं, या तीन पद्धतींची तुलना होती. तिघींचे निकाल जवळजवळ सारखे! पुढे २०२० मध्ये कॉक्रेनने २७ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा पूर्णपणे दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत ए.ए.ची पद्धत इतरांपेक्षा थोडी सरस दिसली. मला यातून समजतं ते असं : रस्ते अनेक आहेत, ज्याला जो मानवेल तो धरावा. एक जमला नाही तर दुसरा. एकाच रस्त्यावर अडून 'हा सुधारणारच नाही' म्हणणं बरोबर नाही.

आमच्या विंगमध्ये एक मित्र आहे (त्याला विचारूनच लिहितोय). सुट्टी लागली की सगळे बॅगा भरतात, हा जर्नल पूर्ण करायचं निमित्त काढून थांबतो. त्याचे वडील दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले, दोनदा पुन्हा प्यायले. नातेवाईक म्हणाले, पैसे पाण्यात गेले. एका रात्री त्याने मला विचारलं, "मग उपयोग काय रे या सगळ्याचा?"

मी तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण मला ते माहीत नव्हतं. नंतर वाचलं, त्यातून आज सांगतो. उपचारानंतर ४० ते ६० टक्के लोक पुन्हा व्यसनाकडे वळतात. आकडा भीतीदायक वाटतो. पण डायबिटीस आणि बीपीचे रुग्णही काही काळाने पथ्य सोडतात, त्यांचाही त्रास उलटतो, आणि तेव्हा आपण डॉक्टरला शिव्या घालत नाही, पुन्हा औषध सुरू करतो. आपल्या भाषेत सांगायचं तर ही केटी आहे. केटी लागली म्हणून सेमिस्टरभर शिकलेलं सगळं वाया जात नाही, आणि कोणी कॉलेजही सोडत नाही. पेपर पुन्हा द्यायचा असतो. त्याचे वडील या दोन वेळांच्या मध्ये काही महिने कोरडे राहिले होते. त्या महिन्यांत घरात भांडण नव्हतं, हे त्यानेच मला सांगितलं होतं. ते महिने पाण्यात गेलेले नाहीत.

आता आपल्याकडे येतो. माझं म्हणणं 'पिऊ द्या' असं अजिबात नाही. नियम असावेत. पण मदत मागणाऱ्याला तोच नियम मारत असेल, तर नियम चुकतोय. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने २००२ मध्ये ठरवलं, की जास्त प्यायलेल्या मित्रासाठी जो मदत बोलावेल त्याच्यावर आणि त्या मित्रावर शिस्तभंगाची कारवाई करायची नाही. पुढच्या काळात मदतीसाठीचे फोन वाढले, पिणं मात्र वाढलेलं दिसलं नाही. आपल्या रेक्टर सरांना आणि मॅडमना माझी विनंती आहे : निदान एवढा एक नियम करून बघा. नोटीस बोर्डवर 'कडक कारवाई'च्या खाली अजून एक ओळ येऊ द्या : 'स्वतःहून मदत मागणाऱ्यावर कारवाई होणार नाही.' आणि वर्षातून एकदा बरा झालेला एखादा माणूस आपल्या हॉलमध्ये बोलायला बोलवा. दहा पोस्टर्सपेक्षा त्याचं एक वाक्य जास्त काम करेल.

आणि मित्रांनो, आपल्यासाठी तीनच गोष्टी. एक, कोणी जास्त पिऊन निपचित पडला तर त्याला उताणा झोपवून दार लावून जाऊ नका. कुशीवर झोपवा, सोबत थांबा. हलवून उठत नसेल, श्वास मंद किंवा थांबून थांबून चालत असेल तर १०८ ला फोन करा, रेक्टरची भीती नंतर बघू. दोन, 'नाही' म्हणणाऱ्याला 'एकच घे ना' म्हणू नका. तो कुठल्या गटातला आहे हे तुम्हालाही माहीत नाही आणि त्यालाही. तीन, कोणी सकाळी प्यायला लागला, लेक्चर्स बुडवून प्यायला लागला, तर त्याचे किस्से कॅन्टीनमध्ये सांगू नका. त्याच्याशी बोला. व्यसनासाठी सरकारची १४४४६ ही हेल्पलाइन आहे, मनाच्या त्रासासाठी १४४१६ ही टेलिमानस. दोन्ही फुकट आहेत. नंबर त्याला द्या, वाटलं तर तो फोन करत असताना शेजारी बसा.

सुधाकरला पहिला प्याला एका मित्रानेच दिला होता. आपल्या विंगमधल्या सुधाकरला मित्र म्हणून आपण काय देणार, ते आपल्या हातात आहे.

— टी.ई., इन्स्ट्रुमेंटेशन